‘अपडेट बंद ठेव, नाहीतर कंपनीला कळेल’ : विंडोजच्या जेन्युइन तपासणीचं प्रकरण

जून २००६ ची गोष्ट. अमेरिकेत लॉरेन वाइनस्टाइन नावाचा, प्रायव्हसीच्या विषयावर बरीच वर्षं लिहिणारा माणूस. त्याच्या असं लक्षात आलं की विंडोज एक्सपीमध्ये नुकतंच आलेलं एक अपडेट रोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलतंय. रोज म्हणजे खरंच रोज, आणि तेही ओरिजनल विंडोजवर, जिची तपासणी आधीच पास झालेली आहे. त्याने हे जाहीर लिहिलं आणि दोन-चार दिवसांत जगभर बोंब झाली की मायक्रोसॉफ्ट आपल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावतंय.

हे प्रकरण म्हणजे विंडोज जेन्युइन अ‍ॅडव्हान्टेज, थोडक्यात डब्ल्यूजीए, विंडोज ओरिजनल आहे का ते तपासणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा. आज वीस वर्षांनी हे परत काढायचं कारण असं की क्रॅक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाच्या मनातली ‘वरून बघतात’ ही भीती नेमकी कुठून आली, तिच्यात खरं किती आणि खोटं किती, आणि त्या भीतीची किंमत शेवटी कोणी दिली, हे सगळं या एका प्रकरणात सापडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फाइली कोणी बघत नव्हतं. पण कंपनीने लपवाछपवी केली, लोकांचा अपडेट या गोष्टीवरचाच विश्वास उडाला, आणि पुढे २००८-०९ मध्ये त्याचा हिशोब चुकता झाला.

आधी थोडं मागे जाऊ. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली तेव्हा सोबत प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेशन आलं. त्याआधी विंडोज ९८ ला नुसती प्रॉडक्ट की, म्हणजे सीडीसोबतचा अक्षरं-आकड्यांचा कोड, टाकली की काम भागायचं, एकच सीडी गल्लीभर फिरायची. एक्सपीने प्रोसेसर, हार्ड डिस्क, लॅन कार्ड वगैरे भागांची मिळून एक ओळख तयार करायची, ती कीसोबत इंटरनेटवरून किंवा फोनवरून कंपनीला कळवायची आणि ३० दिवसांत हे झालं नाही तर लॉगिनच बंद. जास्त पार्ट बदलले तर परत अ‍ॅक्टिव्हेट करा. पण यात एक मोठं भोक होतं. मोठ्या कंपन्यांना शेकडो मशीन एकेक करून अ‍ॅक्टिव्हेट करायला लावणं शक्य नव्हतं म्हणून त्यांच्यासाठी व्हॉल्यूम लायसनची वेगळी सीडी होती, तिला अ‍ॅक्टिव्हेशन लागतच नव्हतं. अशीच एक की एक्सपी दुकानात यायच्या आधीच फुटली. एफसीकेजीडब्ल्यूने सुरू होणारी ती की त्या काळात असेंबल्ड पीसीचं काम करणाऱ्या कितीतरी पोरांना तोंडपाठ होती, बघायलाही लागायची नाही, खटाखट टाइप करायचे. सीडीवर काळ्या मार्करने ‘एक्सपी प्रो’ आणि खाली ती की, एवढंच पॅकिंग. २००२ मध्ये सर्व्हिस पॅक १ ने, म्हणजे एक्सपीच्या दुरुस्त्यांच्या पहिल्या मोठ्या गठ्ठ्याने, ती की ब्लॉक केली तर लोकांनी दुसरी शोधली. हा खेळ चालूच राहिला.

आपल्याकडे त्याच सुमारास, २००१ पासूनच, एमएस-सीआयटी सुरू झालं. घराघरात पहिला कॉम्प्युटर यायला लागला, पोराच्या किंवा पोरीच्या नावाने, बहुतेक असेंबल्ड, पार्ट लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्या-नाशकातून आणलेले. आणि असेंबल करणारा विंडोज ‘टाकून’ द्यायचा. बिलात विंडोजचं नावच नसायचं. घेणाऱ्याला हे माहीत नसायचं की विंडोज ही वेगळी विकत घ्यायची वस्तू आहे, आणि ज्याला माहीत असायचं तो म्हणायचा ओरिजनल कोण घेतं राव. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचा अंदाज होता की २००७ मध्ये भारतात पीसीवरचं ६९ टक्के सॉफ्टवेअर पायरेटेड होतं. हा आकडा त्यांच्याच सोयीचा, मोजायच्या पद्धतीवर बरीच टीका झालेली आहे, पण दहातली सहा-सात मशीन अशी होती म्हटलं तर त्या काळात दुकानात बसलेला कोणीही नाही म्हणणार नाही.

तर मायक्रोसॉफ्टने ठरवलं की अ‍ॅक्टिव्हेशन चुकवलं तरी नंतर पकडायचं. २००४ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरुवात झाली आणि जुलै २००५ पासून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बहुतेक गोष्टी डाउनलोड करायच्या तर आधी जेन्युइन तपासणी सक्तीची झाली. पहिल्याच एक-दोन दिवसांत कोणीतरी ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये एक ओळ टाकून ती तपासणी चुकवायची युक्ती काढली, तो विनोद वेगळाच. पण एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट सांगितली होती आणि ती या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची आहे: सुरक्षेचे अपडेट ऑटोमॅटिक अपडेटमधून सगळ्यांना मिळत राहतील, विंडोज ओरिजनल असो वा नसो. हे वाक्य किती जणांपर्यंत पोचलं? आपल्याकडे तर शून्य म्हटलं तरी चालेल.

मग एप्रिल २००६ मध्ये दुसरा भाग आला, डब्ल्यूजीए नोटिफिकेशन्स, नंबर केबी९०५४७४. हा ऑटोमॅटिक अपडेटमधून महत्त्वाचं अपडेट म्हणून आला, सुरक्षेच्या पॅचच्या, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्यांच्या, रांगेत बसून. कॉपी बनावट निघाली की लॉगिनच्या आधी एक खिडकी यायची, काही सेकंद काहीच करता यायचं नाही, आणि दोन बटणं, एक ओरिजनल घ्या म्हणणारं आणि दुसरं नंतर बघू म्हणणारं. सगळे अर्थातच नंतर बघू. मग आत गेल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक छोटं तारकेसारखं आयकॉन आणि त्यातून फुगा फुटायचा की ही कॉपी जेन्युइन नाही, तुम्ही बनावट सॉफ्टवेअरचे बळी असू शकता. ‘बळी’ हा शब्द कंपनीने मुद्दाम वापरला असणार, चोर म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल. पण घरच्या कॉम्प्युटरवर तो फुगा पहिल्यांदा बघितलेल्या माणसाला त्यातलं एकच कळायचं, की कंपनीला समजलंय. वडील विचारायचे पोलीस येतील का. पोरगा म्हणायचा नाही हो, फॉरमॅट मारू.

आता बघू हे नेमकं काय पाठवत होतं, कारण सगळी भीती यावर उभी आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या निवेदनाप्रमाणे तपासणीच्या वेळी जायचं ते असं: कॉम्प्युटरची कंपनी आणि मॉडेल, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) माहिती, हार्ड डिस्कचा सिरीयल नंबर, विंडोजचं व्हर्जन, भाषा आणि प्रदेश, प्रॉडक्ट आयडी आणि की. आयपी अ‍ॅड्रेस तर कुठल्याही कनेक्शनमध्ये दिसतोच. नाव नाही, ईमेल नाही, फाइलींची यादी नाही, कुठल्या साइट बघता ते नाही. म्हणजे फोटो, टॅली, लग्नपत्रिकांच्या पेजमेकरच्या फाइली, यातलं काही जात नव्हतं, आणि उलटं सिद्ध करणारं काही बाहेरच्या कोणालाही सापडलं नाही, जरी मशीनमधून नेटवर काय जातं ते तपासणारे तज्ज्ञ त्यावर तुटून पडले होते. पण हार्ड डिस्कचा सिरीयल नंबर आणि की एकत्र म्हणजे ‘हे मशीन’ एवढी ओळख पुरेशी पक्की आहे, हेही खरं. कंपनीला घरचा पत्ता कळत नव्हता पण मशीन कळत होतं.

वाइनस्टाइनला सापडलेली रोजची खेप या तपासणीपेक्षा वेगळी होती. मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की हो, हे रोज सर्व्हरला विचारतं, पण विचारतं काय तर फक्त सेटिंग बदललंय का. म्हणजे नोटिफिकेशनमध्ये काही घोळ झाला तर सर्व्हरवरून ते बंद करता यावं म्हणून ठेवलेली सोय. टेक्निकली हे पटण्यासारखं आहे, कारण ते अजून चाचणीच्या अवस्थेतलं सॉफ्टवेअर होतं. पण थांबा, मग प्रश्न असा की चाचणीच्या अवस्थेतलं सॉफ्टवेअर कोट्यवधी लोकांच्या मशीनवर महत्त्वाचं अपडेट म्हणून घातलंच कसं, ते काढून टाकायची सोय का नव्हती, आणि रोज फोन करतं हे आधी का नाही सांगितलं? याची उत्तरं कंपनीकडे नव्हती. आधी म्हणाले रोजचं चौदा दिवसांवर आणू, मग जूनच्या शेवटी नवीन व्हर्जन काढलं त्यात ती रोजची विचारणा काढूनच टाकली आणि जुनं व्हर्जन हाताने कसं काढायचं ते सांगितलं. तोपर्यंत त्याच महिन्यात अमेरिकेत स्पायवेअरविरोधी कायद्यांखाली कोर्टात केस पडली होती, लगेच दुसरीही पडली.

आणि ज्या संशयाला आपण अफवा म्हणतो त्याला दर वेळी कंपनीनेच खतपाणी घातलं. २००६ च्याच उन्हाळ्यात बातमी फिरली की जेन्युइन नसेल तर विंडोज दूरवरून बंद करणार. कंपनी म्हणाली असं काही नाही. आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की एक्सपीनंतर येणाऱ्या विंडोज व्हिस्टामध्ये अ‍ॅक्टिव्हेशन न झालेलं मशीन अर्धवट मोडमध्ये जाईल, तासभर फक्त ब्राउझर आणि मग लॉगआउट. एक्सपीबद्दल दिलेलं उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, पण ऐकणाऱ्याने काय समजायचं? मार्च २००७ मध्ये जर्मनीच्या हाइझे या टेक प्रकाशनाने दाखवलं की डब्ल्यूजीएचं इन्स्टॉलेशन मध्येच कॅन्सल केलं तरी ते सर्व्हरला काहीतरी कळवतंच. नको म्हटलेलंसुद्धा कळवायचं! अशा वेळी गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने ‘हे सगळं बघतात’ म्हटलं तर त्याला येडा कसं म्हणणार.

जानेवारी २००७ पर्यंत ५१ कोटींहून जास्त मशीन तपासली गेली होती आणि त्यातली २२.३ टक्के नापास, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. म्हणजे अकरा कोटींच्या वर. पण यातले ओरिजनल असून नापास किती? त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये वेगळ्याच वाटेने मिळालं. २४ ऑगस्ट २००७, अमेरिकेत शुक्रवार दुपार, कोणीतरी चुकून चाचणीचा कोड चालू सर्व्हरवर चढवला आणि पैसे देऊन घेतलेल्या विंडोज धडाधड बनावट ठरायला लागल्या. सुमारे १९ तास हे चाललं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १२ हजारांपेक्षा कमी मशीन सापडली, त्यातल्या व्हिस्टावाल्यांचा एरो म्हणजे तो काचेसारखा दिसणारा डेस्कटॉप गेला, पेनड्राइव्ह लावून मशीनचा वेग वाढवणारं रेडीबूस्ट बंद पडलं. यात शिकण्यासारखा एक बारीक मुद्दा आहे. डिझाइन करणाऱ्यांनी विचार केला होता की सर्व्हर बंद पडला तर गिऱ्हाइकाला त्रास नको, म्हणून उत्तर आलं नाही तर जेन्युइन धरायचं. पण सर्व्हर बंद पडलाच नव्हता. तो चालू होता आणि ठामपणे चुकीचं उत्तर देत होता. त्या शक्यतेचा विचारच केलेला नव्हता.

याच सुमाराला कंपनीला स्वतःलाही काहीतरी उमगलं असावं. इंटरनेट एक्सप्लोरर ७ ऑक्टोबर २००६ मध्ये आला तेव्हा त्याला जेन्युइन तपासणी लागायची, साधारण एक वर्षाने ती अट काढली, कारण दिलं सुरक्षेचं. २००८ मध्ये व्हिस्टाचा सर्व्हिस पॅक १ येताना तिचा तो अर्धवट मोडही गेला. म्हणजे पायरेटेड मशीन असुरक्षित राहिलं तर त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो, हे कळत होतं.

आणि मग काळी स्क्रीन.

२० ऑक्टोबर २००८ ला चीनमध्ये नवं डब्ल्यूजीए सुरू झालं. बनावट एक्सपी प्रोफेशनल असेल तर दर तासाला डेस्कटॉपचं चित्र जाऊन मागे नुसतं काळं. फाइलींना धक्का नाही, वॉलपेपर परत लावता यायचा, तासाने परत काळं. चीनमध्ये एवढा संताप झाला की बीजिंगच्या एका वकिलाने सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे तक्रार केली की मायक्रोसॉफ्ट म्हणजेच सगळ्यात मोठा हॅकर आहे. चीनच काय, जिथे जिथे मार्करवाल्या सीडी होत्या तिथे एकच सल्ला फिरला, आपल्याकडेही: कंट्रोल पॅनेलमध्ये जा, ऑटोमॅटिक अपडेट, टर्न ऑफ. विंडोज टाकून देणारे तर इन्स्टॉल केल्या केल्या पहिलं काम हेच करायचे, मग ड्रायव्हर. गिऱ्हाइकाला सांगायचे की चालू करू नका नाहीतर कंपनीला कळेल.

पुढचं कॅलेंडर बघा. काळी स्क्रीन २० ऑक्टोबरला. २३ ऑक्टोबरला, म्हणजे तीनच दिवसांनी, मायक्रोसॉफ्टने नेहमीचं वेळापत्रक मोडून तातडीने एक पॅच काढला, एमएस०८-०६७. नेटवर्कवरून, कोणी काही क्लिक न करता, मशीन ताब्यात घेता येईल असं भोक होतं ते. पॅच सगळ्यांना खुला, पायरेटेडवाल्यांनासुद्धा. नोव्हेंबरमध्ये त्याच भोकातून कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा व्हायरस, सुटला. जानेवारी २००९ च्या मध्यावर एफ-सिक्युअर या अँटिव्हायरस कंपनीचा अंदाज होता जवळपास ९० लाख मशीन. चीन, ब्राझील, रशिया आणि भारत या देशांत लागण फार मोठी होती.

सरळसोट ‘पायरसीमुळे कॉन्फिकर’ म्हणणं मात्र चूक ठरेल. मँचेस्टरची महापालिका, फ्रान्सचं नौदल, यांनाही तो चावला आणि ते काही लॅमिंग्टन रोडची सीडी वापरत नव्हते, त्यांनी नुसता पॅच लावायला उशीर केला होता. पण ऑफिसात उशिरा का होईना पॅच लागतो, तिथे पगारी माणूस असतो. घरच्या आणि सायबर कॅफेच्या मशीनवर अपडेट बंदच होतं, आणि ते आळसाने नाही तर मुद्दाम, काळजी घेतोय असं समजून बंद केलेलं. कॉन्फिकरचं दुसरं व्हर्जन पेनड्राइव्हवरून पसरायचं. फोटो प्रिंटवाला, झेरॉक्सवाला, कॅफे, कॉलेजची लॅब, सगळीकडे पेनड्राइव्ह फिरत होते. पेनड्राइव्ह लावला की जी ऑटोप्लेची खिडकी उघडते तिच्यात हा पठ्ठ्या फोल्डर उघडायच्या पर्यायाचं सोंग घेऊन सगळ्यात वर बसायचा, तेच पिवळं फोल्डरचं चित्र, तेच शब्द, फक्त तो प्रोग्राम चालवायच्या मथळ्याखाली यायचा. हे बघायला कोण थांबतंय. क्लिक केलं की गेलं. एकदा आत आला की अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडू द्यायचा नाही आणि स्वतःच अपडेटची सेवा बंद करायचा, म्हणजे जे आपण हाताने केलं होतं तेच तो करायचा.

दूरवरून कोणीतरी मशीनवर ताबा ठेवतंय ही भीती अशी खरी झाली, फक्त ताबा ठेवणारा रेडमंडमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, बसलेला नव्हता.

अमेरिकेतल्या त्या केसचं पुढे फार काही झालं नाही. कोर्टाने ती सगळ्या वापरणाऱ्यांच्या वतीने सामूहिक दावा म्हणून चालवायला नकार दिला आणि २०१० मध्ये प्रकरण संपलं. डब्ल्यूजीए हे नावही मागे पडलं, विंडोज ७ मध्ये कोपऱ्यात जेन्युइन नसल्याची ती ओळ आणि काळा वॉलपेपर राहिला, तो बहुतेकांनी बघितलाय. विंडोज १० मध्ये २०१५ ला कंपनीने होम एडिशनमधून अपडेट कायमचं बंद करायचं साधं बटणच काढून टाकलं. ते सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर होतं असं मला वाटतं, पण आधीची दहा वर्षं बघता लोकांनी त्याचा अर्थ काय लावला ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी काही टोरेंट ट्रॅकरनी (लोक आपापसात फाइली वाटून घेतात त्या साइटनी) विंडोज १० वाल्यांना बंदी घातली, का तर ती क्रॅक गेम ओळखून कंपनीला सांगते म्हणे. ही अफवा ज्या कलमावरून उठली ते कंपनीच्या ऑनलाइन सेवांच्या करारातलं होतं, विंडोजच्या नव्हे.

मग खरंच पकडतात कसं, हा प्रश्न राहतो. घरच्या माणसाला विंडोजने फोन केला आणि पोलीस आले असं आपल्याकडे काही होत नाही. कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे, बनावट आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, पण धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. कारवाई होते ती धंदा करणाऱ्यांवर. कंपन्या दिवाणी दावा लावतात, कोर्ट लोकल कमिशनर नेमतं आणि तो ऑफिसात येऊन मशीन तपासतो, दिल्ली हायकोर्टात अशा कितीतरी केस झाल्यात. खबर कधी सॉफ्टवेअरच्या आतून गेलेली असते, महागड्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते आणि लायसनच्या करारात ते लिहिलेलंही असतं, आणि कधी सोडून गेलेल्या माणसाने दिलेली असते. बीएसए तर भारतात खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर करायची. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचं ऑफिस असेल तर घाबरायचं ते याला, आणि त्यावर अपडेट बंद ठेवणं हा इलाज नाहीच.

अपडेट बंद करायचा सल्ला आता कमी ऐकू येतो. त्याची जागा दुसऱ्याने घेतलीय: अ‍ॅक्टिव्हेटर (क्रॅक विंडोज जेन्युइन दाखवणारा प्रोग्राम) चालवायच्या आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटिव्हायरस, बंद कर, नाहीतर तो उडवून टाकतो. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सिक्युरिटी कंपनीने दाखवलं की केएमएसपिको या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट आहे, जो ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती आणि क्रिप्टोची वॉलेट उचलतो. अ‍ॅक्टिव्हेशनही होतं, त्यामुळे शंका येत नाही. विंडोज जेन्युइन दाखवते, आणि पासवर्ड तिकडे पोचलेले असतात.